सावध झोप

जायफळाचं नाव काढलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते. मला झोप येत नाही हे एकदा जाहीर झालं आणि भेटेल त्याने जायफळ सांगितलं. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी सांगितलं, कामावर सांगितलं, शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने माझे डोळे बघून आपणहून सांगितलं. सगळ्यात आधी सांगितलं ते माझ्या नवऱ्याने. "दुधात उगाळून घे, मस्त झोप लागेल," असं म्हणून तो कुशीवर वळला आणि घोरायला लागला. सांगणाऱ्याने निदान उगाळून तरी द्यावं! मीच उठले, सहाण काढली, उगाळलं, प्यायले आणि त्याचं घोरणं ऐकत पडून राहिले.

मी काय काय नाही केलं? तळपायाला तूप चोळलं, संध्याकाळचा चहा सोडला, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले. नवऱ्याने माझ्या फोनवर एक ध्यानाचं अ‍ॅप टाकून दिलं. त्यातली बाई इतक्या लाडाने "श्वास घ्या" म्हणायची की तिला म्हणावंसं वाटे, बाई गं, तुझ्या घरी भांडी कोण घासतं ते आधी सांग.

दिवसा मात्र डोळे आपोआप मिटत. मी गोखिवऱ्याच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगवर देखरेख करते. गोळ्या एक आणि लेबल दुसरं असं होऊ नये, म्हणून मला पगार मिळतो. एका दुपारी नेमकं तेच झालं आणि माझ्या उघड्या डोळ्यांसमोरून खोका पुढे गेला. पुढच्या टेबलावर पकडला गेला म्हणून निभावलं. साहेब ओरडलेही नाहीत. "मॅडम, तब्येतीकडे बघा. परत असं झालं तर या जागेवर मला दुसरं माणूस आणावं लागेल," एवढंच म्हणाले. झोप गेली तर नोकरीही जाणार, हे त्या दिवशी कळलं आणि मी स्टेशनजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले.

वाटलं होतं, गोळी लिहून देतील आणि मी सुटेन. त्यांनी प्रश्नच विचारले. चहा किती, चालणं किती, दुपारी झोपता का. मग काही साध्या गोष्टी सांगितल्या. उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दुपारी आडवं व्हायचं नाही. झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत न राहता उठून बसायचं, पण घड्याळ बघायचं नाही. मी मान डोलावत होते. मग त्यांनी विचारलं, "मध्येच जाग आली की पहिल्यांदा काय करता?"

"ऐकते," मी म्हणाले.

"काय ऐकता?"

उत्तर तोंडातून निघालं तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. "नळ," मी म्हणाले.

आमच्या नळाची गोष्ट अशी. माझं सासर मुंबईच्या चाळीतलं. तिथे पाणी पहाटे कधीतरी यायचं, म्हणून झोपण्याआधी मोरीतला नळ उघडा ठेवायचा आणि त्याच्याखाली स्टीलची परात पालथी घालायची. पाणी आलं की परात वाजते, कोणीतरी उठून पिंपं भरतं. सासरचे लोक एव्हरशाईन कॉलनीतल्या या फ्लॅटमध्ये आले तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर ही रीतही टेम्पोतून आली. इथेही तेव्हा नळाला थोडाच वेळ पाणी असायचं आणि ते कधी यायचं, ते व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यालाच ठाऊक. तेव्हा इथेही स्वयंपाकघरातल्या सिंकचा नळ उघडा आणि खाली परात पालथी. वाजायची ती सगळ्या घरासाठी, उठायची मात्र मी.

कारण माझी झोप सावध. हे बिरूद मी माहेरूनच घेऊन आले होते. आमची भातशेती खाडीकाठची. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग तिथे भात धरत नाही. लहान असताना एकदा पाण्याचा आवाज बदललेला मला झोपेत कळला, मी वडिलांना हलवून उठवलं आणि चार माणसं धावून गेल्याने बांध राहिला. तेव्हापासून आई येईल त्याला सांगायची, "हिची नीज लय सावद. हिच्यामुलं आपला शेत वाचला. पानी आला का हिला पयलं कलतं." मला तेव्हा केवढा अभिमान वाटायचा! उधाणाच्या दिवसांत आईवडील माझं अंथरूण दाराशी घालायला लागले, त्याचाही अभिमान वाटायचा. लग्न ठरताना आईने हा गुण आवर्जून सांगितला आणि सासूबाईंनी तो बरोबर लक्षात ठेवला.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला सडकून ताप आला. त्या एका रात्री परात वाजली आणि मी उठले नाही. सिंकच्या जाळीत भाताची शितं अडकली होती. पाणी ओट्यावरून खाली, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये. खालच्या मजल्यावरचे काका छताला गळती लागल्याची तक्रार घेऊन वर आले तेव्हा सगळे जागे झाले. "अशी कशी गं ढाराढूर झोपलीस?" सासूबाई म्हणाल्या. नवरा म्हणाला, "निदान मला तरी उठवायचंस." मी झोपले होते, तर याला उठवणार कशी? सासू, सासरे, नवरा, दीर, सगळे त्याच छपराखाली गाढ झोपलेले होते. झोपण्याचा गुन्हा तेवढा माझा. मी अंगात ताप घेऊन फडक्याने पाणी टिपलं. तो राग माझ्या पोटात अजून तसाच्या तसा आहे, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

पुढे सोसायटीने मोठी टाकी बांधली, पाणी दिवसभर राहायला लागलं, परात माळ्यावर गेली. माझी सुटका झाली नाही. परातीच्या जागी लेक रडायला लागली, मग सासऱ्यांचं शेवटचं आजारपण, आणि आता सासूबाईंची काठी. त्या हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. बाथरूमला जायचं असलं की दिवाणाच्या कडेवर काठी ठोकतात. नवऱ्याला ती ऐकू येत नाही. शेजारच्या घरातल्या टीव्हीवर चौकार गेलेला त्याला ऐकू येतो, काठी येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमचं शरीर ड्यूटीवर आहे. वॉचमनला जायफळ देऊन काय उपयोग? ड्यूटी दुसऱ्याला द्या. घरात आणखी कोण आहे?" घरात कोण आहे ते मला माहीत होतं. पण आपल्यात सून हयात असताना मुलाने आईला रात्री बाथरूमला नेणं म्हणजे सुनेची लाज. मी बाकीचे सगळे नियम पाळले आणि तेवढा एक टाळला. झोप थोडी सुधारली, पण काठीच्या आधीच जाग येणं काही थांबलं नाही.

मग एका रविवारी लेकीला बघायला पापडीहून पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने विचारलं, मुलीला कशाची आवड. लेक काही बोलायच्या आत सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमची नात आईवर गेली आहे हो. झोप इतकी सावध, की नुसती काठी वाजायचा अवकाश, उठून हजर."

"हे फार चांगलं बाई," पाहुण्या म्हणाल्या. "हल्लीच्या मुलींना उठवावं लागतं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "खोटं आहे ते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझी मुलगी ढाराढूर झोपते. घरात पूर आला तरी उठत नाही. आणि लग्नानंतरही ती तशीच झोपणार आहे. चालत असेल तर पुढचं बोलू." मुलगा मात्र खुदकन हसला. पाहुणे कळवतो म्हणून गेले.

दार लागल्यावर नवरा माझ्यावर धावून आला, पण त्याच्याआधी लेक बोलली. "मम्मी, आजी खरंच सांगत होती. हल्ली काठी वाजायच्या आधीच मला जाग येते. मग तू उठलीस का ते मी ऐकत पडते."

सासूबाई पुटपुटल्या, "त्यात काय एवढं? मलाही माझ्या सासूने मोरीच्या उंबऱ्याशी झोपवलं होतं. जन्मभर मी कधी सलग झोपले नाही."

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यातली घंटा काढून मी सासूबाईंच्या उशाशी ठेवली आणि दिवाणाशेजारी जमिनीवर नवऱ्याची गादी घातली. "मला सकाळी ऑफिस असतं," तो म्हणाला. "मलाही असतं," मी म्हणाले. माझं अंथरूण लेकीच्या खोलीत नेलं, पंखा मोठा केला आणि आतून कडी घातली.

झोप काही लगेच आली नाही. घंटा वाजायची, मी अर्धी उठायचे, लेक झोपेतच माझा हात ओढून मला खाली निजवायची. बाहेर नवऱ्याचं चिडणं, सासूबाईंचं "हळू रे" ऐकू यायचं. मग ते ऐकू येईनासं झालं. घंटा वाजायची थांबली असेल असं मला वाटलं, तर सासूबाई म्हणाल्या, रोज वाजते. कामावर साहेबांनी माझ्या टेबलावर दुसरं माणूस आणलं नाही.

परवा सकाळी नवरा स्वयंपाकघरात आला. डोळे लाल, केस विस्कटलेले. ओट्याला टेकून उभा राहिला. "आई किती वेळा उठते गं! आणि ती झोपली तरी माझा डोळा लागत नाही. घंटा वाजेल, घंटा वाजेल, असं वाटत राहतं. काहीतरी उपाय सांग ना."

मी पोळी उलटली. "दुधात जायफळ उगाळून घ्या," मी म्हणाले. "मस्त झोप लागेल."

जायफळ कुठल्या डब्यात आहे ते त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.