डांबरगोळ्यांच्या पेटीतली शाल

नेर, मारेगाव, उमरखेड असे बाजार करत मी लोकरीचा माल विकायचो. माल टिनाच्या पेटीत आणि घडीघडीत मूठभर डांबरगोळ्या. गोळ्या आपोआप झिजत, पेटीत ओल नाही की डाग नाही. दुकानदाराने हलक्या गोळ्या दिल्या म्हणून मी त्याच्याशी दोनदा भांडलो होतो.

मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी रीतीप्रमाणे बाळाला गुंडाळायला जुनं लुगडं फाडून ठेवलं होतं. माझं सगळं लहानपण दुसऱ्यांच्या उतरलेल्या कपड्यांत गेलेलं. डोकं फिरलं.

"माही पोरगी कोनाचं उतरलेलं घालनार नाही!"

"पाच दिवस तरी राहू द्या, जावईबापू. मंग घाला तुमची शाल."

"आजच. अन् पेटीतली सगळ्यात भारी."

तेल लावून आंघोळ झाली की बाळ शालीत. सासूबाईंना वासाने शिंका येत. मी म्हणायचो, वास आहे म्हणजे माल जपलेला आहे.

चौथ्या दिवशी पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. दुपट्यावर काळपट लघवी. ती दूध ओढेना. मिळेल त्या एसटीने यवतमाळ गाठलं. डॉक्टरांनी बाळाला तपासायच्या आधी शाल हुंगली.

"डांबरगोळ्या?"

मी मान हलवली.

"ही गोळी पाघळत नाही, तिची थेट वाफ होते. वाफ लोकरीत मुरते. श्वासातून, तेल लावलेल्या कातडीतून आत जाते. काहींचं रक्त ती सोसत नाही. लाल पेशी फुटतात."

"शाल उन्हात टाकली असती तर?"

"धुऊन, चांगलं ऊन देऊन वापरायची असते."

इतकी वर्षं गोळ्या विकणाऱ्याने हे एकदाही सांगितलं नव्हतं. अजून सांगितलेलं नाही.

रक्त द्यावं लागणार होतं. माझं जुळलं नाही, सासूबाईंचं जुळलं. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिलो. दर दुपटं उजेडात धरून पाहत होतो. रक्त दिल्यावर तिसऱ्या दिवशी लघवीचा रंग उतरला आणि पोरगी दुधासाठी किंचाळली.

"आता तरी बसा," सासूबाई म्हणाल्या. "किती चकरा मारून राह्यले?"

मी बसलो नाही. त्या बाईने मला तेव्हा दोष दिला नाही, पुढेही कधी दिला नाही. एकदा बोलली असती, तर मला भांडता आलं असतं.