मालिनीबाईंनी रिसीव्हर सोडला नाही

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात मालिनीबाई खोपकर टायपिस्ट म्हणून आल्या त्या टेबल पुसतच, आणि पुढं जन्मभर पुसत राहिल्या. जुनी कार्बन कॉपी दिसली की फाडायच्या. "मूळ पत्र पोचलंय ना? मग नक्कल कशाला साठवायची?" लग्न केलं नव्हतं. का, ते मला ठाऊक होतं. तिथल्या कुणाचं काय चाललंय ते मला ठाऊक नाही असं कधी झालं नाही. येईल ओघात.

नव्व्याण्णव साली कॉम्प्युटर आला. चिंतामणी साहेब मॅनेजर. त्यांनी तो आपल्या केबिनमध्ये ठेवून बाईंकडे सोपवला, वर दम दिला: "जर्मन गिऱ्हाइकाचा पत्रव्यवहार आहे यात. एक पत्र गेलं तर तुमची खुर्ची गेली समजा." पत्रं असायची मुंबईच्या सर्व्हरवर; फोन जोडला की त्यांची प्रत आमच्याकडं उतरायची. मग फोन तोडून बाई निवांत वाचायच्या. फोनची लाइन अख्ख्या ऑफिसला एकच.

खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊनपुसून पुजायची. बाईंनी कॉम्प्युटर बाहेरून पुसला आणि आतूनही! जर्मनची सगळी पत्रं नक्कल समजून काढून टाकली, पडद्यावरची कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. मग केबिनबाहेरच्या फोनवरून उल्हासनगरच्या तिलोकला विचारलं, कारण कॉम्प्युटर त्यानंच विकलेला. "पडद्यावर कुंकू लावलं तर चालेल ना? आतली सफाई झालीय माझी, पत्रांच्या नकला सगळ्या काढल्यात."

"आतली?" तिलोक किंचाळला. "अरे बाई, ये कार्बन कॉपी नाही! फोन जोडला की तो दोन्हीकडचा हिसाब जुळवतो. इकडे पुसलं तर तिकडेही पुसणार!"

बाईंचा चेहरा कागदासारखा झाला. कारण आत केबिनमध्ये साहेब स्वतः कॉम्प्युटरपुढं बसले होते. "मालिनीबाई, फोन ठेवा! कोटेशन पाठवायचंय मला."

रिसीव्हर ठेवला की लाइन मोकळी, लाइन मोकळी की पत्रं गेली. बाईंनी तो दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"छोडना मत," तिलोक म्हणाला. "माझ्या दुकानात दुसरी लाइन आहे. सगळी पत्रं आधी इथं उतरवून घेतो. पासवर्ड बोला."

बाईंनी चोरून शेजारी पाहिलं. बाजूला स्टोअरकीपर दिनानाथ हळदकुंकवाचं तबक घेऊन उभे. विधुर माणूस, मान खाली घालून येणारा, मान खाली घालून जाणारा. आणि मी. मी मान खाली घालत नाही.

"बोला ना, बाई!"

बाई पुटपुटल्या.

"सुनाई नहीं देता! जोर से!"

"डी..." बाईंचा आवाज चिरकला. "आय... एन..."

पुढची अक्षरं तिलोक इतक्या मोठ्यानं परत म्हणत गेला, की रिसीव्हरमधून बाहेरच्या आम्हा सगळ्यांना ऐकू आली. शेवटी खात्री करून घेतली: "दिनानाथ? बराबर?"

तबकातला नारळ घरंगळत माझ्या पायाशी आला. मी तो उचलून दिला. काही बोललो नाही. फार जड गेलं.

"बाई, ठेवता की वायर ओढू?" साहेब खुर्चीतून उठले.

तेव्हा जन्मात साहेबांपुढं तोंड न उघडलेले दिनानाथ तबक घेऊन केबिनच्या दारात आडवे आले. "पूजा झाल्याशिवाय यंत्र चालवायचं नसतं, साहेब." त्यांनी पडद्याला हार घातला, माउसला कुंकू लावलं, आरती सुरू केली. ती संपली तशी दुसरी. मग तिसरी. साहेब हात जोडून घड्याळ बघताहेत, बाई डोळे मिटून रिसीव्हर धरून उभ्या, घामानं पदर ओला. चौथ्या आरतीला दिनानाथ शब्द विसरले, तेच कडवं फिरून फिरून म्हणू लागले.

"दिनानाथ, एवढी भक्ती?" साहेब वैतागले.

"देवी जागृत आहे, साहेब," मी म्हटलं.

तेवढ्यात रिसीव्हरमधून आलं, "उतर गया, बाई! सब उतर गया!" बाईंनी फोन ठेवला आणि तिथंच स्टुलावर बसल्या.

साहेबांनी कोटेशन पाठवलं. मुंबईची पत्रं पुसली गेली, त्यांना पत्ता नाही. संध्याकाळी दिनानाथ स्वतः रिक्षानं उल्हासनगरला जाऊन फ्लॉप्या घेऊन आले.

"बाई, पासवर्ड बदला आता," मी म्हटलं. "साऱ्या कारखान्याला कळलाय."

दिनानाथ फ्लॉप्या बाईंच्या टेबलावर एकावर एक रचत होते. मान खालीच.

"राहू द्या की," ते म्हणाले.