सासूबाईंच्या नाकातले बिऱ्हाडकरू

सासूबाईंच्या तपकिरीचं आणि माझं कधी जमलंच नाही. बेलवलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती डबी कुठेही सापडायची, उशीखाली, फ्रिजवर, एकदा तर देव्हाऱ्यामागे. चिमूट ओढायची, नाकात बोट फिरवायचं, पदराला पुसायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. मी नाक मुरडायची, त्या शिंकायच्या. पण माझ्या तान्ह्या मुलीला न्हाऊ घालावं तर त्यांनीच. गावाकडची कितीतरी बाळं त्यांच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. पोटाला तेल लागलं की मुलगी हसायची आणि त्या हसण्यावर बाईंचा अख्खा दिवस जायचा.

मग मुलीच्या मांडीच्या घडीत पुवाच्या पुळ्या आल्या. औषधाने गेल्या आणि पुन्हा आल्या. उल्हासनगरला कॅम्प एक या वस्तीत आमच्या सिंधी डॉक्टरीणबाई आहेत. दुसऱ्या खेपेला त्यांनी बाळाला कोण चोळतं, घरात कुणाला फोड येतात का, सगळं खोदून विचारलं. पुळीतल्या पुवाचा नमुना घेतला आणि कापसाची काडी आम्हा तिघा मोठ्यांच्या नाकातही फिरवली.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. माझं आणि नवऱ्याचं नाक स्वच्छ. मुलीच्या पुळीत जे जंतू होते, तेच सासूबाईंच्या नाकात. मला आधी जिंकल्यासारखं वाटलं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि ते तिथेच विरलं.

“मंग माझ्याच हातानं झालं,” त्या म्हणाल्या.

“अम्मा, तुमची गलती नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे जंतू खूप लोकांच्या नाकात आत चिकटून राहतात, त्यांना काही करत नाहीत. बच्चीची चमडी पतली आहे. जरा छिलली की आत घुसतात.”

तपकिरीने नाकाचं आतलं अस्तर सारखं चुरचुरतं, या बिऱ्हाडकरूंना तिथे आयता आसरा मिळतो आणि बोटावरून ते बाहेर पडतात, असं त्यांनी समजावलं. थोडे दिवस नाकात मलम लावायचं, हात साबणाने धुवायचे, तपकीर बंद. मग सगळं पहिल्यासारखं.

सासूबाईंनी यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. डबी त्यांनी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली आणि नातीपासून चार हात लांब बसू लागल्या, पदर नाकावर धरून. मी न्हाऊ घालायची, त्या मोरीच्या दारातून सूचना द्यायच्या आणि मुलगी भोकाड पसरायची. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. मलम लावताना रोज विचारायच्या, “गेले का गं ते?”

मलम संपल्यावर पुन्हा तपासणी झाली. आनंदनगरच्या कारखान्यातली पाळी संपवून येताना नवऱ्याने रिपोर्ट आणला. जंतू नव्हते. मुलीची कातडीही एव्हाना नितळ झाली होती. तरी सासूबाईंनी तो तीनदा वाचून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नखं कापली, कोपरापर्यंत हात धुतले आणि पाय पसरून बसल्या. मी मुलीला त्यांच्या पायांवर ठेवलं. पोटाला तेल लागलं, ती हसली आणि तेलकट मूठ वर करून तिने थेट आजीचं नाक पकडलं. सासूबाई घाबरून माझ्याकडे बघू लागल्या.

“धरू दे, आई,” मी म्हटलं. “आता ते तिचंच आहे.”