ताईचं लाल स्टूल

फोन आला तेव्हा माझा अंगठा एका पेशंटच्या टाचेखाली होता. ताईच्या दुकानातली मीना बोलत होती, "म्याडम, लवकर या, शालूताई पडल्या." हुडकेश्वरच्या माझ्या क्लिनिकमधून लकडगंजला तिच्या दुकानात पोचायला पाऊण तास लागला, तोवर सगळं संपलं होतं. वरच्या गोदामात फळीवरचा साड्यांचा गठ्ठा काढायला ताई स्टुलावर चढली, उजव्या पायानं दगा दिला आणि डोकं लोखंडी रॅकवर आपटलं... "चक्कर आली असन," दुकानाचा मालक म्हणाला. चक्कर नव्हती ती. तो पाय कसा निकामी झाला हे मला पाठ आहे, आणि तीन महिन्यांनी का होईना, ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

शालूताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. बाबा गेल्यावर ती बारावीनंतर त्या साडीच्या दुकानात लागली आणि मी फिजिओथेरपी शिकले ती तिच्या उभं राहण्यावर. खरं तर सुरुवातीला ती बसायची. मालकाचे वडील होते तेव्हा दुकानात पांढरी गादी होती; गिऱ्हाईकही बसायचं आणि दाखवणारीही. एका झटक्यात साडी उलगडण्यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हातारे गेले आणि मुलानं गादी काढून काचेचे काउंटर लावले, वर कॅमेरे लावले. आणि नियम केला: गिऱ्हाईक असो वा नसो, कामावरच्या बाईनं बसायचं नाही. रोज दहा तास, गुळगुळीत फरशीवर, सपाट चपलेत.

तळव्यात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोच तोलून धरतो. फार गुणी बिचारा. ताण पडला की त्यातल्या पेशींना तो कळतो, त्या नवे धागे विणतात आणि पट्टा मजबूत होतो. पण हे विणकाम व्हायला उसंत लागते. ती मिळालीच नाही तर धागे वेडेवाकडे बसतात, पट्टा नुसता जाड होतो आणि आतून कमजोर. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले, आणि घरी ताई रोज सकाळी भिंत धरून पलंगावरून उतरत होती. "पयलं पाऊल ठेवलं का टाचेत खिळा ठोकल्यावानी वाटते वं," म्हणायची आणि वर हसायची. तिच्या त्या हसण्याचा मला संताप यायचा.

मी बर्डीच्या बाजारातून तिच्यासाठी एक लाल प्लास्टिकचं स्टूल आणलं. दुकानात नेलं तर तिसऱ्या दिवशी मालकानं ते वर गोदामात पाठवलं. काउंटरची शोभा जाते म्हणे! ताईनं भांडावं म्हणून मी किती डोकेफोड केली. "काहून भांडू? बाकीच्या पोरी बी उभ्याच हायेत ना," एवढंच तिचं उत्तर.

आता माझ्याबद्दल. गेल्या लग्नसराईत ती म्हणाली, "मले एक इंजेक्शन देववून दे ना वं. सीझनभर उभी तं राहीन." दुखणं दाबणारं ते इंजेक्शन पट्ट्याला आणखी कमजोर करू शकतं, त्यानंतर पायाला आराम हवाच, हे मला ठाऊक होतं. तिला आराम मिळणार नाही, हेही ठाऊक होतं. तरी इंजेक्शन द्या म्हणून ओळखीच्या डॉक्टरांना चिठ्ठी मीच लिहिली. दुखणं थांबलं, ताई खूश झाली आणि पुन्हा दिवस दिवस उभी राहिली. एका दुपारी तळव्यात कट् असा आवाज झाला... पट्टा तुटला, कमान बसली. काउंटरवर लंगडणारी बाई नको म्हणून मालकानं तिला वर गोदामात टाकलं. माझं स्टूल तिथे होतंच. बसायला नाही, चढायला.

ताईच्या आठवणीत सगळे जमले त्या पुण्यानुमोदनाला मालक आला नाही. आला तो महिनाभरानं, एका सोमवारी, माझ्या क्लिनिकमध्ये, लंगडत. म्हणाला, "तुमच्या बहिणीनंच सांगतलं होतं, माही बहीण टाचेच्या कामात हुशार हाये म्हणून." माझ्या अंगाची आग झाली. मी त्याला बूट-मोजे काढून फरशीवर उभं राहायला सांगितलं. पाय उभ्यानंही तपासावा लागतो, त्याला दोन मिनिटं पुरतात. मी त्याला तसंच उभं ठेवून दुसऱ्या पेशंटकडे गेले. अर्ध्या तासानं आतून आवाज आला, "म्याडम, बसू का?"

"थांबा. पेशंट आहेत अजून."

लाज वाटली का? नाही वाटली.

मग म्हणाला, "एका इंजेक्शनची चिठ्ठी देऊन द्या ना. सीझन सुरू होऊन राहिला." पेन माझ्या हातातच होतं. तीच मागणी, तीच चिठ्ठी... दोन ओळींचं काम होतं. कदाचित त्याचाही पट्टा तुटला असता. मी पेनला टोपण लावलं आणि नाही म्हणाले. व्यायाम मात्र सगळे नीट शिकवले, त्यात खोट ठेवली नाही; ताईनं पाठवलेला पेशंट आहे. या दुखण्याला उतार पडायला महिने लागतात आणि तोवर रोज सकाळी पहिल्या पावलाला तो खिळा बसतोच. कोणी म्हणेल, मी त्याला वाचवलं. इंजेक्शननं त्याचं दुखणं पटकन थांबलं असतं, आणि ते थांबायला मला नको होतं.

लाल स्टूल मी गोदामातून मागून आणलं आहे. ते क्लिनिकच्या दाराशी असतं. भाजीवाली, रिक्षावाला, शाळेतल्या बाई, सगळे त्यावर बसून चपला काढतात. सोमवारी अकरा वाजत आले की मी ते उचलून आत ठेवते. मालक येतो, इकडेतिकडे बघतो आणि एका हातानं भिंत धरून उभ्यानंच मोजे काढतो.