माळावर थांबलेली मेंढरं

पोलिसाच्या नोकरीत तपासलेले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. जत तालुक्यातला तो उन्हाळ्याचा दिवस मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो.

मी मूळचा साताऱ्याकडचा, उसाच्या पट्ट्यात वाढलेला. बदली होऊन जत तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी झालो, तेव्हा तिथला कोरडा माळ बघूनच घशाला कोरड पडायची. एके सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणारा रडवेला झाला होता.

"सायेब, माज्या बहिणीला दाजीनं मारलंया. कालधरनं ती न्हाई, मेंढरंबी न्हाईत. आन दाजी नुसता वट्ट्यावर बसून हाय."

जोडपं साठीच्या पुढचं, पिढ्यानपिढ्या मेंढपाळ. एकुलता मुलगा शिरवळला कारखान्यात नोकरीला. आदल्या दिवशी पहाटे नवरा-बायकोचं जोराचं भांडण झालेलं वस्तीनं ऐकलं होतं. मी बाई हरवल्याची तक्रार दाखल करून घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला पाठवून म्हाताऱ्याला चौकशीला आणवलं.

म्हातारा बाकावर बसला. डोक्याचा पटका मांडीवर घेतला.

"बायको कुठं आहे?"

"ठावं न्हाई."

"मेंढरं?"

"ठावं न्हाई."

"भांडण कशावरून झालं?"

"घरात भांडणं व्हत्यातच की, सायेब."

"हात उचललात तिच्यावर?"

तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "आजवर न्हाई," एवढंच म्हणाला.

खोटं बोलणारा माणूस सहसा भरपूर बोलतो, असा माझा अनुभव. हा बोलतच नव्हता. फोन करणाऱ्या त्याच्या मेव्हण्याचा आरोप सांगितला, खुनाचं कलम सांगितलं, तरी तो हलला नाही. हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सायेब, ह्यानं काय केलं असंल असं वाटत न्हाई, पन ह्याला काय तरी ठावं हाय." मलाही तसंच वाटत होतं.

दुपारी फाटकापाशी गलका झाला. त्या दिवसांत ड्रोन उडवून चोर घरं हेरतात, अशी अफवा गावोगाव पसरली होती. चिडलेल्या पंचवीस-तीस लोकांनी एक जीप अडवून ठाण्यात आणली होती. जीपमध्ये चाळिशीच्या एक बाई, त्यांचा ड्रायव्हर आणि ड्रोनची पेटी. बाई मिरजेच्या. माळरान आणि तिथले लांडगे यांच्यावर माहितीपट करत होत्या. परवानगीचे कागद व्यवस्थित होते. पण बाहेरची गर्दी कागद बघून शांत होणारी नव्हती.

"आज काय चित्रित केलंत, ते दाखवता?" मी विचारलं.

"दाखवते की. लपवायला काय आहे त्यात?"

गर्दीतल्या दोन जाणत्या माणसांना मी आत बोलावलं. बाईंनी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर तपकिरी माळ सरकू लागला. जे रान मला रखरखीत वाटायचं, ते वरून किती देखणं दिसत होतं! वाळल्या गवतावरून वारा वाहत होता, त्यातून दोन लांडगे एकामागे एक चालले होते. जाणते लोकही राग विसरून वाकून बघू लागले. मग ओढ्याच्या काठाला करडा-पांढरा पुंजका दिसला.

"हे आज सकाळचं," बाई म्हणाल्या. "लांडगे या कळपाच्या आसपास घुटमळत होते."

भिंतीकडच्या बाकावरून म्हातारा उठला. कुणाला न विचारता टेबलापाशी आला.

"ही माजी मेंढरं," तो म्हणाला. मग पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. "म्होरं कोन न्हाई."

"म्हणजे?"

"ती म्होरं चालती, सायेब. ती असती तर सकाळच्या पारी ही अशी गोळा हून थांबली नसती. पडलीया ती कुटंतरी!"

आणि इतका वेळ गप्प असलेला तो माणूस घडाघडा बोलू लागला. मुलाच्या आग्रहानं त्यानं कळप विकायचं ठरवलं होतं, व्यापाऱ्याला शब्द दिला होता. बायकोला ते मान्य नव्हतं. व्यापारी यायच्या आतच ती कळप घेऊन राज्याच्या सीमेपलीकडे तिच्या बहिणीच्या गावाला निघाली.

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"सौदा झालेली मेंढरं तिनं न्हेली. पोलिसांनी तिला चोर म्हनून धरून आनली असती. त्यापरास मी बसतो की आत."

ड्रोनच्या चित्रणात जागेची नोंद होती. बाईंनी नकाशा उघडला, मी गाडी काढायला सांगितली. आतल्या दोघा जाणत्यांनी बाहेर जाऊन सगळं सांगितलं, आणि जे लोक बाईंना मारायला उठले होते, तेच मोटारसायकलींवर पाण्याच्या बाटल्या घेऊन आमच्या पुढे निघाले.

ओढ्याकाठी कळप होता, पण म्हातारी दिसेना. मिरजेच्या बाईंनी ड्रोन वर नेला, आम्ही म्हाताऱ्याचा पटका वर धरून त्याच्या सावलीत पडदा बघत राहिलो. ओढ्याच्या वळणावर बाभळीखाली कुत्रं बसलेलं दिसलं आणि त्याच्याशेजारी निळं लुगडं. आम्ही तिकडे धावलो. म्हातारा सगळ्यांच्या आधी पोचला.

दरड ढासळून तिचा पाय मोडला होता. ओठ फाटले होते, पण शुद्ध होती. नवऱ्यानं डोकं उचलून घोट घोट पाणी पाजलं. जरा जीवात जीव आल्यावर ती म्हणाली,

"व्यापाऱ्याला संगं आनलासा व्हय?"

"न्हाई गं," म्हातारा हुंदका आवरत म्हणाला. "पोलीस आनल्यात."

ती आमच्याकडे बघून हसली. वाटेत वस्तीवरून आमच्यासोबत आलेल्या मेव्हण्यानं तोंड फिरवून डोळे पुसले.

तिला मिरजेला दवाखान्यात हलवलं. व्यापाऱ्याला मी स्वतः समजावलं. कुरकुरत का होईना, त्यानं सौदा सोडला. मुलगा शिरवळहून आला. आईच्या पायाचं प्लास्टर बघून विक्रीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. माहितीपटवाल्या बाईंनी दवाखान्यात तिला चित्रण दाखवलं. तिनं पडद्यावरचा माळ बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आमी एवढ्या चांगल्या जागंला ऱ्हातो व्हय?"

चौकशीला बसलेल्या माणसाला आम्ही पोलीस एकच गोष्ट विचारत राहतो, काय लपवतोस? त्या दिवसानंतर मी मनात आणखी एक प्रश्न ठेवू लागलो, कुणासाठी लपवतोस? पुढच्या नोकरीत त्याचं उत्तर बहुतेक वेळा वाईटच निघालं. कुणी गुन्हेगार भावाला वाचवत होता, कुणी गावच्या पुढाऱ्याला. तरी मी तो प्रश्न विचारायचं सोडलं नाही. कारण एकदा त्याचं उत्तर बाभळीखाली जिवंत सापडलं होतं, आणि आम्हाला बघून हसलंही होतं.