कच्च्या टाक्यांचा कोट

आमच्याकडे सगळे त्यांना रोखठोक मास्तर म्हणत. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांची शिवणकामाची खोली होती. मापाचा सूट ते ज्या दरात शिवून देत, त्यात मोठ्या दुकानात नुसतं अस्तर आलं असतं. अट एकच होती. पैसे रोख, आणि ज्याचा सूट त्यानंच येऊन स्वतःच्या हातानं द्यायचे. बायकोबरोबर पाठवलेले चालत नसत, टेबलावर ठेवलेलेही चालत नसत. लोक म्हणत, म्हातारा कर चुकवतो. मीही म्हणायचो. निंदा करायला कुणाचं काय जातं!

मला हॉटेलात स्वागताच्या टेबलावर नोकरी लागली होती आणि सूट ज्याचा त्यानं आणायचा होता. गरजवंताला अक्कल नसते, तसा मी त्यांचा जिना चढलो. वर शिलाई मशीनचा आवाज येत होता. माझं पाऊल वरच्या पायरीवर पडलं आणि आवाज थांबला. मी दारातून आत गेलो, मास्तर "या, बसा" म्हणाले, मग पडद्यामागे मशीन पुन्हा चालू झालं. मला वाटलं, योगायोग असेल.

मास्तरांची माप घ्यायची रीत वेगळी होती. ते काही लिहीत नसत. टेप लावायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे. पडद्यामागून त्यांची बायको, म्हणजे काकू, तो आकडा परत म्हणायची आणि तिथल्या तिथे कापडावर खडूनं खूण करायची.

"छाती छत्तीस."

"छत्तीस."

"बाही चोवीस."

"चोवीस."

मास्तर माझ्या पाठीमागे आले. त्यांचे हात माझ्या खांद्यांवर फिरले, थांबले, पुन्हा फिरले. मी बरीच वर्षं टपालाची थैली एकाच खांद्यावर वाहिली आहे, त्यामुळे माझा उजवा खांदा उतरलेला आहे.

"उजवा खांदा," मास्तर हळूच म्हणाले, "पाऊण इंच खाली."

पडद्यामागून आकडा परत आला नाही. मास्तरांनी पुन्हा सांगितलं नाही.

आगाऊ पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मी फोन काढला. मास्तर म्हणाले, "रोख."

"अहो मास्तर, भाजीवाली आता फोनवर पैसे घेते. तुम्ही कुठल्या जमान्यात आहात?"

"मग भाजीवालीकडून सूट शिवून घ्या."

माझ्या नाकावर राग असतोच. दोन शब्द सुनावले आणि तणतणत खाली गेलो, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. कोपऱ्यावरच्या एटीएममधून नोटा काढल्या, शर्टाच्या खिशात घातल्या आणि परत जिना चढलो. शिलाईचा आवाज पुन्हा वरच्या पायरीवर थांबला. या खेपेला मला योगायोग वाटला नाही.

मास्तरांनी नोटा माझ्या हातातून घेतल्या आणि पडद्याआड दिल्या. फटीतून मला काकू दिसल्या. त्यांनी नोटा गालाला लावल्या, डोळे मिटले.

"गरम आहेत," त्या म्हणाल्या.

"मग शिवायला घे," मास्तर म्हणाले.

मला जिन्यापर्यंत सोडायला मास्तर स्वतः आले. दार ओढून घेतलं आणि कठड्याला टेकून, दातांच्या दवाखान्याच्या पाटीकडे बघत, त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. जाताना बँकेत सांगून गेला होता की दर महिन्याला माझ्या खात्यातून आईच्या खात्यात एवढे पैसे जाऊ द्या. पैसे आले की काकू म्हणायच्या, पाठवले बघा, सुखरूप आहे. पैसे अगदी वेळेवर येत राहिले. मग एक दिवस कंपनीचा माणूस आला. पोरगं परक्या बंदरात तापानं गेलं होतं, आणि तेही केव्हाच. निरोप कुठल्या तरी कचेरीत अडकून पडला होता. तो मातीआड असताना त्याचे पैसे येत होते, आणि इकडे हे दोघं त्या पैशांकडे बघून निवांत झोपत होते.

"तेव्हापासून न आलेल्या माणसाचा पैसा या घरात येत नाही," मास्तर म्हणाले. "नोट अंगाच्या उबेनं गरम असली, की देणारा जिवंत. पण पोरगं गेलं हे हिला अजून पटलेलं नाही. म्हणते, तेव्हा पैसे खोटं बोलले, तसा तो कंपनीचा माणूसही खोटं बोलला असेल."

निघण्याआधी पोरानं स्वतःच्या लग्नासाठी कोट शिवायला टाकला होता. तो कच्च्या टाक्यांत राहिला. माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय पक्की शिलाई घालायची नाही हा मास्तरांचा जन्माचा नियम, त्यामुळे काकूंनी कोट तसाच टांगून ठेवला. तो ट्रायलला येईल म्हणून. जिन्यावर पाऊल वाजलं की मशीन थांबवायचं, ते त्यासाठीच.

"माझे डोळे चाललेत," मास्तर म्हणाले. "माझ्या मागे ही एकटी त्या कोटासमोर बसून राहील. त्याचा उजवा खांदा पाऊण इंच खाली होता. तुम्ही एकदा उभे राहा. तेवढा कोट पुरा होऊ दे माझ्या हातून."

खरं सांगतो, मी भ्यालो. मेलेल्या माणसाचा कोट अंगावर चढवायचा, आणि तोही त्याच्या आईसमोर! "बघू," म्हणालो आणि सटकलो. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कोटच आहे ना? घाला की." तिला काय जातंय बोलायला!

माझ्या सुटाच्या ट्रायलला गेलो. मशीन थांबलं. माझं जाकीट एका फेरीतच बरोबर बसलं. मग मास्तरांनी काही न बोलता कपाटातून दुसरा कोट काढला. गडद निळा, वरून पांढऱ्या धावदोऱ्याच्या रेघा. मी हात मागे केले. कोट माझ्यासाठीच बेतल्यासारखा बसला. खांद्यावर एक सुरकुतीसुद्धा नव्हती.

पडदा सरकल्याचा आवाज आला. मी वळणार, तोच काकू म्हणाल्या, "वळू नकोस."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागून त्यांचा हात आला, कॉलरवरून उतरला, उजव्या खांद्यावर थांबला.

"वाळलास रे," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा श्वास मला ऐकू आला. आपण हे काय करून बसलो असं मला झालं. त्या बाईला सोडवायला गेलो आणि तिचा पोरगाच परत आणून उभा केला. आता ही कोट कधीच पुरा होऊ देणार नाही, असं मला वाटलं.

"पैसे आणलेस?" काकूंनी विचारलं.

माझ्या सुटाच्या उरलेल्या पैशांच्या नोटा शर्टाच्या खिशात होत्या. मी त्या काढल्या आणि न वळता हात मागे केला. त्यांनी नोटा घेतल्या. खाली दवाखान्यात दातांचं यंत्र घरघरायला लागलं आणि बंदही पडलं.

"गरम आहेत," काकू म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावरचा हात काढून घेत म्हणाल्या, "गरम आहेत हो. हा जिवंत आहे. हा आपला नाही."

"पक्का करा कोट," त्या मास्तरांना म्हणाल्या.

मास्तरांचा खडू माझ्या पाठीवरून खाली उतरायला लागला. मध्येच तो अडखळला.

"रडू नका," काकू म्हणाल्या, "रेघ वाकडी जाईल."

खडू पुन्हा चालू झाला. मी भिंतीकडे तोंड करून तसाच उभा होतो. मला वळ असं कुणी म्हटलंच नाही.