मामाजींचा चाकू आणि जवसाचं तेल

परतवाड्याहून संत्र्याच्या डोळकाड्या आल्या, कलमासाठी कापलेल्या, ओल्या पोत्यात गुंडाळून, आणि त्याच सकाळी मामाजींचा चाकू उघडेना. मामाजी म्हणजे माझे सासरे. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या शेतात जंबेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याचे डोळे, म्हणजे काडीवरचे न फुटलेले कोंब, दरवर्षी तेच बांधतात, तेही या एकाच घडीच्या चाकूने. दुसरं पातं त्यांच्या हातात बसत नाही. यंदा दिराने आधीच सुचवलं होतं की तुमचं वय झालं, कलमांसाठी माणूस लावू. चाकू अडला तसे मामाजी ओट्यावर बसले.

"लाव मंग तुया माणूस," ते म्हणाले.

दिराने फोन काढला. मला ते ऐकवेना. मी चाकू मागून घेतला.

दीर पक्कड घेऊनच पुढे आला. "जंग लागला, वहिनी. वढला का निंगते."

पक्कड मी बाजूला ठेवायला लावली. ओढाताणीत पातं तुटतं, नाहीतर बोट कापतं. चाकू उजेडात धरला. गंज तांबडा असतो, त्याची भुकटी निघते. इथे पातं ज्यावर फिरतं त्या खिळीभोवती पिवळट, कडक थर होता. नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. वास ओळखीचा.

"मामाजी, ठेवताना तेल कोणतं लावलं होतं?"

"जवसाचं. घरचंच. चांगलं भरभरून लावलं."

जवसाचं तेल वाळतं. दारं-खिडक्यांना आम्ही ते लावतो ते त्यासाठीच. गेल्या हंगामापासून ते सांध्यात वार्निशसारखं धरून बसलं होतं. चाकू बिघडला नव्हता, जरा जास्तच जपला गेला होता.

रंगाच्या डब्याजवळ थिनर होतं. खिळीवर थेंब सोडले, चहा उरकला, पुन्हा सोडले. जुन्या ब्रशने सांधा घासला, कडुनिंबाची काडी टोकदार करून मुठीच्या खाचेतला चिकटा उकरला. पातं जरासं हललं. उघड, मीट, पूस, परत तेच. मधेच दिराने सांगितलं की माणूस दुपारी मोकळा आहे. येऊ नको म्हणावं, मी म्हटलं. सांधा सैल झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला, कारण ते वाळत नाही, आणि जास्तीचं पुसलं. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते. तीच बाजू ओल्या दगडावर लावली.

मामाजींनी अंगठ्याच्या नखाने पातं उचललं. टक्‌कन उघडलं. जंबेरीच्या पानावर त्यांनी धार पाहिली आणि वाफ्याकडे निघाले. मी डोळे बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापत होते, दीर काड्या पुरवत होता, आणि आम्हा दोघांनाही त्यांचा वेग गाठता येत नव्हता.

काही आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या. डोळा मेला तर काळा पडतो. आमची ओळच्या ओळ हिरवी होती. मामाजी शेवटच्या रोपापर्यंत चालत गेले, कमरेवर हात ठेवून मागे वळले आणि दिराला म्हणाले, "आनखी काड्या मांगव. वरचा वाफाही मीच बांधतो."